झोपायच्या खोलीतील झाडे: भीती कशाची, काळजी कशाची?

गेली अनेक वर्षे एक संदेश मोबाइलवर अधूनमधून परत येतो. हिरव्या पानांवर पांढरट शिडकावा असलेल्या शोभेच्या झाडाचे छायाचित्र आणि खाली इशारा: हे झाड घरात असेल तर आजच फेकून द्या, याचे पान खाल्ले तर लहान मूल एका मिनिटात आणि मोठा माणूस पंधरा मिनिटांत दगावतो. छायाचित्रातले झाड डिफेनबेकियाचे असते. संदेश वाचून कोणी कुंडी उचलून जिन्यात नेऊन ठेवतो. कोणी ‘अशा अफवा रोजच येतात’ म्हणून दुर्लक्ष करतो आणि रांगते बाळ असलेल्या खोलीत कुंडी तशीच जमिनीवर राहते. यातली पहिली भीती अनाठायी आहे आणि दुसरी बेफिकिरीही बरोबर नाही.

मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, सिंगोनियम, अग्लोनिमा, झीझी, स्नेक प्लांट ही झाडे शहरातल्या घरांमध्ये आता सर्रास दिसतात. ती कमी उजेडात तगतात, चार दिवस पाणी चुकले तरी माना टाकत नाहीत आणि फार जागा अडवत नाहीत. साहजिकच झोपायच्या खोलीतही तीच येतात. ही सगळी झाडे थोड्याफार प्रमाणात विषारी आहेत. मात्र ‘विषारी’ हा शब्द ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येते, तसे हे विष नाही. ते काम कसे करते आणि कोणाला बाधते हे कळले, की झाड ठेवायचे की नाही आणि ठेवायचे तर कुठे, हे ठरवणे सोपे जाते.

अळूचे भाऊबंद

या विषाशी मराठी स्वयंपाकघराची ओळख फार जुनी आहे. अळूचे फदफदे नीट शिजले नाही किंवा त्यात चिंच घालायची राहिली, की घसा खवखवतो. सुरण चिरताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी हाताला तेल किंवा आमसुलाचे पाणी लावतात. अळू आणि सुरण ज्या अरेसी कुळातले, त्याच कुळात मनी प्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, सिंगोनियम, अग्लोनिमा, अँथुरियम, मॉन्स्टेरा आणि झीझी येतात. दिसायला वेगवेगळी असली तरी खवखवणारा गुण सगळ्यांत एकच आहे.

या झाडांच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते सुईसारखे अणकुचीदार असून ठरावीक पेशींमध्ये जुडीने भरलेले असतात. पान चावले की पेशी फुटतात, सुया बाहेर पडतात आणि ओठ, जीभ, टाळू व घशाच्या मऊ आवरणात रुततात. झाडाच्या रसातील इतर दाहक घटक त्यात भर घालतात. लगेच आग होते, लाळ गळू लागते, ओठ आणि जीभ सुजते. अळू शिजवल्याने आणि आंबट घातल्याने ही खवखव पुष्कळ कमी होते, म्हणून तो आपण खातो. शोभेच्या झाडांवर मात्र असा प्रयोग करू नये. शोभेचे अळू म्हणून मिळणारे कॅलेडियम हे भाजीचे अळू नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे.

चावताक्षणी आग होत असल्यामुळे दुसरा घास सहसा घेतलाच जात नाही. झाडाचे हे संरक्षण एका अर्थी मुलाचेही संरक्षण ठरते. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या विषमाहिती केंद्राच्या तज्ज्ञांनी १९९१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. फिलोडेंड्रॉन किंवा डिफेनबेकिया तोंडात गेल्याच्या १८८ घटनांपैकी फक्त ४ घटनांत त्रासाची लक्षणे दिसली आणि तीही लवकर ओसरली. एका मिनिटात मृत्यू होतो या दाव्याला कसलाच आधार नाही.

तरीही डिफेनबेकिया आपल्या भाऊबंदांत जरा जहाल आहे. त्याचे इंग्रजीतले प्रचलित नाव ‘डम्ब केन’ असे आहे. त्याचा जाड दांडा चावणाऱ्याची जीभ सुजते आणि बोलणे बंद होते, यावरून ते पडले. क्वचित ही सूज घशापर्यंत जाऊन श्वासाला अडथळा आणू शकते. तशी वेळ आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे लागते. दांडा कापताना निघणारा रस डोळ्यात उडाला तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होते आणि डोळ्याची आग काही दिवस टिकू शकते.

स्नेक प्लांटचे प्रकरण वेगळे आहे. त्यात सॅपोनिन नावाची, साबणासारखा फेस करणारी द्रव्ये असतात. पान खाल्ल्यास मळमळ, उलटी, जुलाब होतात. कोरफडीतही सालीखालच्या पिवळ्या चिकात तीव्र रेचक द्रव्य असते. गर निरुपद्रवी म्हणून अख्खे पान मुलाच्या हाती देणे म्हणूनच योग्य नाही.

रात्रीच्या हवेची जुनी भीती

झोपायच्या खोलीत झाड नको, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात विषारी पानांपेक्षा रात्रीची हवा अधिक असते. झाडे रात्री ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे शाळेत शिकलेले असते आणि ते खरेही आहे. डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले, की वनस्पती हवा ‘शुद्ध’ करतात ती फक्त उजेडात. अंधारात उलट घडते. पुढे युरोपातल्या रुग्णालयांत रात्री रुग्णाच्या खाटेजवळची फुले उचलून बाहेर ठेवण्याची पद्धत पडली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात ही भीती खोडून काढली. झाडांतून रात्री निघणारा वायू नगण्य असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आजचा हिशेबही तेच सांगतो. झोपलेला एक माणूस तासाला साधारण १० ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. त्यापुढे कुंडीतल्या झाडाचा वाटा मोजदादीत धरण्याइतकाही नसतो. एसी लावून बंद केलेल्या खोलीत सकाळी डोके जड वाटत असेल, तर खोलीत माणसे किती झोपली आणि खिडकी किती बंद होती, हे आधी पाहावे. कुंडीला दोष देऊ नये.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘हवा शुद्ध करणारी झाडे’ म्हणून नर्सरीत जी विक्री होते, तिचे मूळ नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासात आहे. लहान, हवाबंद पेटीत झाडे ठेवून काही रासायनिक वाफा किती कमी होतात, हे त्यात पाहिले होते. घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. खिडक्या-दारांतून हवा खेळल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. एवढ्या कुंड्या लावल्या तर खोलीत पलंगाला जागाच उरणार नाही. म्हणजे झाड रात्री घुसमट करत नाही, तसेच हवेचे यंत्रही होत नाही. ते ठेवायचे ते डोळ्यांना आणि मनाला बरे वाटते म्हणून.

धोका नेमका कोणाला?

ही झाडे खोलीत नुसती असल्याने, त्यांच्या वासाने किंवा पानाला हात लागल्याने निरोगी प्रौढ माणसाला काही होत नाही. धोका असतो तो झाड तोंडात जाण्याचा आणि रस डोळ्यात किंवा त्वचेवर लागण्याचा. म्हणून आधी घरात कोण आहे, ते पाहावे.

पहिला क्रमांक रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांचा. साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत हाती आलेली वस्तू तोंडात घालूनच मूल ती पारखते. त्याला पान, माती, खडे सगळे सारखेच. दुसरा क्रमांक स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा. पान खाण्याजोगे आहे की नाही, हे त्यांना कळेलच असे नाही. तिसरा क्रमांक मांजर आणि कुत्र्याचा. मांजरांना लांब, लोंबती पाने कुरतडायची सवय असते. अरेसी कुळातले झाड चावले तर त्यांच्याही तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात.

दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांची काळजी वेगळी आहे. कुंडीतली माती सतत ओली राहिली की तिच्यावर बुरशी धरते आणि पावसाळ्यात तर ती लवकर धरते. वीपिंग फिग या नावाने मिळणाऱ्या फायकसच्या चिकातील ॲलर्जीकारक घटक घरातल्या धुळीतही मिसळतात. अशा रुग्णाच्या खोलीत हे झाड नसलेले बरे.

यांपैकी कोणीच घरात नसेल, तर मनी प्लांट वा स्नेक प्लांट झोपायच्या खोलीत खुशाल ठेवावे.

नावे फसवतात

पीस लिली नावाने लिली असली तरी खरी लिली नाही. ती अळूच्या कुळातली आहे आणि तिचा त्रास तोंडापुरता असतो. पुष्पगुच्छात येणारी सुवासिक ओरिएंटल लिली मात्र खरी लिली आहे. माणसाला तिचा फारसा उपद्रव नाही, पण मांजराचे मूत्रपिंड ती निकामी करते. त्यासाठी फूल खावे लागतेच असे नाही. अंगावर पडलेले पराग चाटणे किंवा फुलदाणीतले पाणी पिणेही पुरेसे ठरते. मांजर असलेल्या घरात हा गुच्छ ठेवूच नये.

पामचेही तसेच. अरेका पाम निर्धोक आहे. सागो पाम म्हणून विकले जाणारे झाड मात्र पाम नसून सायकस आहे. त्याचा प्रत्येक भाग, त्यातही बी, कुत्र्याच्या यकृतासाठी घातक आहे आणि ते माणसानेही खाऊ नये. नर्सरीतून आणलेल्या कुंडीवर अनेकदा ‘इनडोअर प्लांट’ एवढेच सांगितलेले असते. विकत घेतानाच नाव विचारून कुंडीच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवावे. अडचणीच्या वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

काही झाडे सौम्य विषारी या गटात बसतच नाहीत. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, आणि जाडजूड बुंध्यामुळे बोन्सायसारखे दिसणारे अडेनियम यांच्यात हृदयाची लय बिघडवणारी द्रव्ये असतात. अडेनियमचा रस आफ्रिकेत बाणांना लावायच्या विषासाठी वापरला जात असे. कळलावीचा कंद, गुंजेचे बी, एरंडाचे बी आणि धोतरा हीदेखील जीवघेणी ठरू शकतात. शेर आणि इतर चिकाळ युफोर्बियांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर दाह होतो. मूल वावरते अशा खोलीत किंवा तिच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये यांपैकी काहीही ठेवू नये.

निवड करायचीच असेल तर बिनविषारी झाडेही कमी नाहीत. स्पायडर प्लांट, अरेका पाम, बॉस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया, हॅवर्थिया आणि आफ्रिकन व्हायोलेट ही त्यांपैकी काही. मांजराला उंचावरचे कपाटही दूर नसते. त्यामुळे मांजर असलेल्या घरात जागा शोधत बसण्यापेक्षा झाडच बदललेले चांगले.

कुंडी कुठे आणि कशी?

मुलाचा हात पोचणार नाही अशी जागा ठरवताना कुंडीची उंची पुरत नाही. वेल कुठवर लोंबते, तेही पाहावे लागते. मनी प्लांट कपाटावर ठेवले तरी त्याची वेल महिन्या-दोन महिन्यांत खाली येते. ती वेळच्या वेळी छाटावी. गळलेली पाने रोज उचलावीत, कारण रांगणाऱ्या मुलाला तीच आधी सापडतात. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या थेट वर जड कुंडी टांगू नये. शेल्फवरची कुंडी वेल ओढल्याने खाली येऊ शकते. डोक्यावर कुंडी पडण्याची इजा पानाच्या विषापेक्षा पुष्कळ गंभीर असते.

छाटणी, कुंडी बदलणे ही कामे झोपायच्या खोलीत न करता बाल्कनीत करावीत. हातमोजे घालावेत, डिफेनबेकिया कापताना चष्मा लावावा. नंतर साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळे चोळू नयेत. वापरलेली कात्री स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

मुंग्या किंवा किडे लागू नयेत म्हणून कुंडीत शेतीची दाणेदार कीटकनाशके टाकण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. तो पाळू नये. यांतली काही कीटकनाशके झाडाच्या पानापेक्षा कितीतरी पटींनी घातक असतात आणि मातीत खेळणारे बोट सरळ तोंडात जाते. ओल्या फडक्याने पाने पुसणे, किडलेला भाग कापून टाकणे आणि पाणी बेताचे देणे यानेच घरातल्या झाडांचे बरेचसे काम भागते.

बाटलीतले पाणी

मनी प्लांटची फांदी काचेच्या बाटलीत लावून खिडकीत ठेवणे ही घरोघरची हौस. पाने विषारी आहेत की नाहीत याची चर्चा करताना या पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. घरात तपासणीसाठी येणारे पालिकेचे आरोग्य कर्मचारी मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पाहतात, ते यासाठीच.

हे पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलावे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. म्हणून बाटली आतून घासून धुवावी. ताटलीतले पाणी ओतून टाकून ती पुसून ठेवावी. हे जमणार नसेल तर फांदी मातीत लावावी.

तोंडात गेलेच तर

मुलाने पान चावल्याचे लक्षात आल्यास आधी तोंडातले तुकडे बोटाने किंवा ओल्या, स्वच्छ फडक्याने काढावेत. चूळ भरता येत असेल तर भरायला लावावी. मूल नीट गिळत असेल तर थंड पाणी, थंड दूध किंवा दही थोडे थोडे द्यावे, आग शमते. हात आणि चेहरा साबणाने धुवावा, म्हणजे रस डोळ्यात जाणार नाही. रस डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

घशात बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. सुया वर येताना घशाला पुन्हा इजा होते आणि मिठाचे पाणी लहान मुलाला स्वतःच घातक ठरू शकते. आवाज घोगरा होणे, लाळ गिळता न येणे, जिभेची सूज वाढत जाणे, श्वास घेताना घरघर होणे किंवा सतत उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. झाडाची फांदी किंवा छायाचित्र सोबत घ्यावे. कण्हेर, अडेनियम, एरंड यांसारखे झाड असेल तर लक्षणांची वाट पाहत थांबूच नये. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते. हा क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवण्याजोगा आहे. मांजर किंवा कुत्र्याच्या बाबतीत पशुवैद्यकाला लगेच फोन करावा.

घरातल्या कुंड्यांची ही पाहणी एकदाच करून भागत नाही. तीन महिन्यांचे बाळ पाळण्यात असते, तेव्हा जमिनीवरच्या डिफेनबेकियाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. आठव्या महिन्यात तेच बाळ खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते आणि वर्षाचे झाले की खुर्चीला धरून उभे राहून शेल्फला हात घालते. खोली तीच, झाडही तेच, पण धोका बदललेला असतो. म्हणून मूल रांगू लागले की एकदा, उभे राहू लागले की पुन्हा एकदा, मोठ्यांनी जमिनीवर बसून त्याच्या उंचीवरून खोली पाहावी. हाताशी जे पान दिसेल, त्याची कुंडी दोन-तीन वर्षांसाठी बाल्कनीत किंवा शेजाऱ्यांकडे जाऊ द्यावी. मूल मोठे झाले की ती पुन्हा खोलीत आणता येईल.